इम्प्लांट साताऱ्यात करावं की पुण्यात? माझ्या एका दाढेचा पूर्ण खर्च

खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ मला काढावी लागली. दहा-बारा वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनल झालं होतं, वर कॅप होती, आणि इतकी वर्षं तिने काही त्रास दिला नव्हता. मग चावताना एका ठरावीक जागी कळ यायला लागली, बाजूची हिरडी सुजायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हिरडी तपासली आणि सांगितलं की मुळाला उभी चीर गेली आहे. वरचा तुकडा उडाला असता तर दाढ वाचवता आली असती. मुळातच उभी चीर गेली की तिच्यातून जंतू आत जात राहतात आणि भोवतीचं हाड झिजत जातं, त्यामुळे दाढ ठेवण्यात अर्थ नसतो. दाढ काढायचे पंधराशे रुपये झाले आणि त्या जागी पुढे काय करायचं हा प्रश्न सुरू झाला.

मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते, वय पंचावन्नच्या पुढे आहे आणि मला मधुमेह आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय या चार गोष्टींवर अवलंबून होते.

काहीच न करणं हाही एक पर्याय असतो, आणि ओळखीतल्या पुष्कळ जणी तोच घेतात. एक दाढ नसली तर काय बिघडतं, असं वाटतं. पण मागची दाढ हळूहळू त्या फटीकडे कलते, समोरची वरची दाढ खाली उतरते, आणि काही वर्षांनी तिथे दात बसवायचा म्हटलं तर जागाच उरत नाही. शिवाय दात काढलेल्या जागचं हाड आपोआप झिजत जातं. दुसरा पर्याय काढता-घालता येणारा एकच दात. तो स्वस्त पडतो, पण मागच्या दाढेच्या जागी तो मला नको होता. तिसरा ब्रिज: शेजारचे दोन दात घासून लहान करायचे आणि त्यांच्या आधारावर मधला दात बसवायचा. चौथा इम्प्लांट.

माझ्या त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे दात धडधाकट होते. त्यांत साधं सिमेंटसुद्धा भरलेलं नव्हतं. एका दातासाठी दोन चांगले दात घासायचे हे माझ्या मनाला पटेना. त्या दोन दातांना आधीच कॅप असत्या तर मी ब्रिजच केला असता, आणि तो निर्णय चांगलाच ठरला असता. इम्प्लांट महाग म्हणून श्रेष्ठ, असं मानायचं कारण नाही.

मग मी भाव काढायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यातच डोकं गरगरलं. पुण्यातल्या एका दवाखान्याची जाहिरात फोनवर दिसली: इम्प्लांट फक्त १८,००० रुपयांत. साताऱ्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ३२,००० सांगितले. पुण्यातच अनेक शाखा असलेल्या एका मोठ्या दवाखान्यात ५८,००० आणि वर हप्त्यांची सोय. एकाच दाढेसाठी, एकाच माणसाच्या जबड्यासाठी हे आकडे होते. बाजारात कुठलीही वस्तू घेताना इतका फरक दिसला तर आपण आधी विचारतो की यात काय काय धरलं आहे. दवाखान्यात मात्र तसं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मी तो संकोच सोडला.

ज्याला आपण इम्प्लांट म्हणतो ते खरं तर तीन भागांचं काम असतं. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर हिरडीतून वर येणारा जोड म्हणजे अबटमेंट, आणि त्यावरची कॅप, म्हणजे दिसणारा दात. जाहिरातीतले १८,००० हे फक्त स्क्रूचे होते. अबटमेंटचे ६,००० वेगळे. कॅप धातूवर सिरॅमिक चढवलेली घेतली तर ५,००० आणि झिर्कोनियाची, म्हणजे आतून धातू नसलेल्या मजबूत पांढऱ्या सिरॅमिकची, घेतली तर १०,०००. जबड्याचा सीबीसीटी स्कॅन २,५००. झिर्कोनिया धरून बेरीज ३६,५०० होते. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या ३२,००० मध्ये स्क्रू, अबटमेंट, झिर्कोनियाची कॅप, टाके काढणं आणि मधल्या सगळ्या भेटी धरलेल्या होत्या. फक्त स्कॅन बाहेरून, त्याचे २,०००. म्हणजे जाहिरातीतला स्वस्त दवाखाना प्रत्यक्षात महाग पडत होता, आणि पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च त्यात धरलाच नव्हता.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे एकच प्रश्न विचारायचे: "मी या दातावर भाकरी चावायला लागेपर्यंत एकूण किती रुपये लागतील, ते कागदावर लिहून द्याल का?" हाडाची भर घालावी लागली तर किती, स्क्रू धरलाच नाही तर पैसे परत की दुसरा स्क्रू फुकट, तात्पुरता दात लागला तर त्याचं काय, हेही त्याच कागदावर. काही ठिकाणी लगेच लिहून दिलं. एका ठिकाणी "ते नंतर बघू" म्हणाले, तिथे मी पुन्हा गेले नाही.

५८,००० वाल्या दवाखान्याबद्दल थोडं सांगायला हवं. तिथे स्वागतकक्ष फार सुंदर होता, सगळे अदबीने बोलत होते. डॉक्टरांनी तोंड पाहिलं दोन-तीन मिनिटं. नंतर एक मुलगी मला वेगळ्या खोलीत घेऊन गेली आणि तिने पैशांचं बोलणं सुरू केलं. इम्प्लांटबरोबर आणखी चार दातांना रूट कॅनल सुचवलेलं होतं, ज्यांना मला कधी काही झालेलं नव्हतं. आजच आगाऊ रक्कम भरली तर दहा हजार कमी होतील आणि काम उद्याच करू, असं ती म्हणाली. मला मधुमेह आहे का, हे तोपर्यंत कुणीच विचारलेलं नव्हतं. त्यांची 'आजीवन हमी' होती. ती कशाची, असं विचारल्यावर कळलं की फक्त स्क्रूची. कॅप, अबटमेंट आणि पुन्हा करायच्या शस्त्रक्रियेचे पैसे वेगळे, शिवाय दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणी करून घेतली पाहिजे ही अट. हमी ऐकून कुणी दवाखाना निवडत असेल तर तिचा कागद आधी मागून वाचावा.

साताऱ्याच्या डॉक्टरबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत पैशांच्या आधी तब्येतीचं सगळं विचारलं. मधुमेह किती वर्षं, गोळ्या कोणत्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी घेतली आहे का. त्या औषधांपैकी काहींमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही, म्हणून ते सांगणं फार गरजेचं असतं, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ती औषधं घेणाऱ्या बऱ्याच असतात. मग त्यांनी आवाज जरा हळू करून विचारलं, "बाई, मशेरी लावता का? लावत असाल तर सांगा, मी रागावणार नाही." मी लावत नाही, पण आमच्याकडे सासूबाई लावतात आणि चारचौघांत कबूल करत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न किती जाणतेपणाने विचारला होता ते मला समजलं. तंबाखूने हिरडी आणि हाड दोन्ही बरं व्हायला अडथळा येतो, इम्प्लांट निकामी व्हायची शक्यता वाढते.

माझी एचबीए१सी तपासणी ८.४ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सातच्या आसपास आणा, मग आपण स्क्रू बसवू. तोपर्यंत दाढ काढलेली जागाही भरून येईल." एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणजे हे काम एका आठवड्याच्या पथ्याने होण्यासारखं नव्हतं. समोर पैसे द्यायला तयार बसलेल्या माणसाला त्यांनी परत पाठवलं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो इथे. मी चालणं वाढवलं, माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली, आणि तीनेक महिन्यांनी आकडा ७.१ वर आला.

त्या मधल्या काळात मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पुण्यातलं एक खाजगी दंत महाविद्यालय बघून आले. हा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिथे एमडीएसचं, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर, शिक्षण घेणारे डॉक्टर काम करतात आणि त्यांचे प्राध्यापक प्रत्येक टप्प्यावर येऊन तपासतात. ही शिकाऊ मुलं आहेत म्हणून घाबरायचं कारण मला दिसलं नाही. बीडीएस होऊन पुढचं शिकणारे ते डॉक्टर असतात, आणि माझ्या स्कॅनबद्दल त्या मुलीने आणि तिच्या सरांनी जितका वेळ चर्चा केली तितका वेळ कुठल्याच खाजगी दवाखान्यात कुणी दिला नाही. एकूण खर्च वीस हजारांच्या आत बसत होता. अडचण वेळेची होती. नोंदणीची रांग, प्रत्येक टप्प्याला वेगळा दिवस, परीक्षा आल्या की काम पुढे ढकललं जाणार. मला प्रत्येक वेळी शाळेतून रजा काढून विनाथांबा गाडीने स्वारगेट गाठायचं होतं. मी निवृत्त असते किंवा पुण्यातच राहत असते तर तिथेच केलं असतं. मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे; नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहेत; गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. या ठिकाणी उपचारांचं शुल्क कमी असतं, मात्र स्क्रू आणि कॅपच्या सामानाचे पैसे वेगळे भरायचे का, ते आधी विचारून घ्यावं.

त्या महाविद्यालयाच्या बाकावर सोलापूरकडचे एक आजोबा भेटले. खालची कवळी सारखी हलते, बोलताना उचलली जाते, जेवताना काढून ठेवावी लागते, अशी त्यांची तक्रार होती. सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यात कवळीला पकडायला फारसं काही नसतं. त्यांना खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट बसवून दिले होते आणि त्यांवर कवळी ब्लाउजच्या टिचबटणासारखी दाबून बसत होती. सगळे दात कायमचे बसवायला त्यांना काही लाख सांगितले होते. हे काम त्याच्या छोट्याशा भागात झालं. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही हेच सुचवलं होतं की पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं कवळीमुळे नुसता आमटी-भात कालवून खातात, त्यांनी हे जरूर विचारून बघावं. आजोबा मला म्हणाले, "दोन वर्षांनी शेंगदाणं खाल्लं, पोरी." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या नणंदेशी झालेली फोनवरची लांबलचक बोलणी. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. तिलाही एक दाढ बसवायची होती आणि तिथे तिला ४,५०० डॉलर सांगितले होते. तिचा दातांचा विमा वर्षाला दीड हजार डॉलरपर्यंतच पैसे देणारा. साहजिकच तिने ठरवलं की सुट्टीत पुण्याला येऊ तेव्हा करून घेऊ. परदेशातले आपले पुष्कळ लोक असंच करतात आणि पैशांच्या दृष्टीने ते चुकीचं नाही. पण तिची सुट्टी तीन आठवड्यांची, आणि स्क्रू हाडात पक्का होऊन त्यावर कॅप बसायला खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्यात त्याहून जास्त लागतात. काही जणांना लगेच दात बसवून देतात हे खरं आहे, पण मागच्या दाढेवर चावण्याचा जोर फार असतो, म्हणून तिच्या पुण्यातल्या डॉक्टरांनी तसं करायला नकार दिला. मग तिने एका डिसेंबरमध्ये स्क्रू बसवला आणि पुढच्या वेळी आल्यावर कॅप.

तिच्यामुळे मला कंपनीचं महत्त्व कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की स्वित्झर्लंडचा स्क्रू म्हणजे चांगला आणि कोरियाचा म्हणजे कमी प्रतीचा. नणंदेचा प्रश्न वेगळाच होता: हा स्क्रू उद्या एडिसनमध्ये सैल झाला तर तिथला डॉक्टर तो आवळू शकेल का? प्रत्येक कंपनीची मापं वेगळी, जोड वेगळा, आवळायचं हत्यारही वेगळं असतं. आपल्या तोंडात कुठल्या कंपनीचा कुठल्या मापाचा स्क्रू आहे हे माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरची फार पंचाईत होते. स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअर या कंपन्यांचे भाग जगात बहुतेक ठिकाणी मिळतात. कोरियाच्या ऑस्टेमचंही जाळं मोठं आहे. नणंदेने स्ट्रॉमन घेतला, तिला पुण्यात साठ हजारांच्या आसपास खर्च आला, आणि स्क्रूच्या डबीवरचं चिकटपत्र तिने मागून घेतलं. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. हे चिकटपत्र आपल्या फायलीत लावून मागायचा आपल्याला हक्क आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की ते द्यायला जो दवाखाना कां-कू करतो तिथे काम करूच नये.

मी हेच साताऱ्यात विचारलं. डॉक्टरबाईंकडे कोरियन स्क्रू ३२,००० मध्ये आणि स्विस ५२,००० मध्ये, असे दोन पर्याय होते. त्यांचं म्हणणं असं: "तुमचं हाड चांगलं आहे, खालची दाढ आहे, पुढचा दिसणारा दात नाही. अशा ठिकाणी वीस हजार जास्त देऊन तुम्हाला फारसा वेगळा गुण येईल असं मला वाटत नाही. ते पैसे साखर आटोक्यात ठेवण्यावर खर्च करा." हाड कमी असलं किंवा पुढचा दात असला तर आपण वेगळा सल्ला दिला असता, असंही त्या म्हणाल्या.

काम कोण करणार, हाही प्रश्न महत्त्वाचा. आपल्याकडे इम्प्लांट ही एमडीएसची स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेचे म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांचे म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन हे तिघेही ते करतात, आणि नीट प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही करतात. छोट्या गावांत बऱ्याच ठिकाणी पुण्या-मुंबईचे सर्जन ठरलेल्या वारी येतात, स्क्रू बसवून संध्याकाळी परत जातात. त्यात गैर काही नाही, फक्त रात्री रक्त थांबलं नाही किंवा गाल सुजला तर फोन कुणी उचलायचा हे ठरलेलं असावं. आमच्या डॉक्टरबाई स्वतः प्रोस्थोडॉन्टिस्ट आहेत, स्क्रूही त्याच बसवतात आणि कॅपही. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. दहा वर्षांनी काही झालं तर मी चालत जाऊन दार वाजवू शकेन, हे माझ्या निवडीमागचं सगळ्यांत मोठं कारण होतं. पैशांचा क्रमांक त्यानंतरचा.

सीबीसीटी स्कॅन म्हणजे जबड्याचा त्रिमितीतला एक्स-रे. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. डॉक्टरबाईंनी मला संगणकासमोर बसवून माझा जबडा काप काप करून दाखवला. खालच्या जबड्यातून एक नस जाते, खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर असते. त्या नसेपर्यंत माझं हाड चौदा मिलिमीटर होतं आणि रुंदी आठ मिलिमीटर. नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखायचं असतं. म्हणून साडेचार मिलिमीटर जाडीचा, दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू ठरला, हाडाची भर घालायची गरज पडली नाही. ती पडली असती तर बारा ते पंधरा हजार वाढले असते. स्कॅन न काढता हाडाच्या भरीचे पैसे आधीच धरून सांगणारे दवाखाने मी पाहिले, आणि स्कॅनच न काढता स्क्रू बसवतो म्हणणारेही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळची वेळ घेतली, पोटभर नाश्ता आणि मधुमेहाची गोळी घेऊन या असं सांगितलं होतं. रक्तदाब, साखर तपासली, भुलेचं इंजेक्शन दिलं. ड्रिलचा आवाज आणि जबड्यावरचा दाब जाणवला, दुखलं नाही. पाऊण तासात टाके घालून झाले. दाढ काढताना मला याहून जास्त त्रास झाला होता. दोन दिवस गाल थोडा सुजला, बर्फाने शेकला, अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी घेतली. गरम, तिखट बंद. मऊ भात, ताक, मुगाचं वरण. जोरात थुंकायचं नाही, चूळ भरायची ती हळू. तिसऱ्या दिवशी मी वर्गात होते.

त्यानंतरचे तीन महिने मला जड गेले. वरून काहीच दिसत नाही, दुखत नाही, आत काय चाललंय ते कळत नाही. स्क्रू हाडाने धरला नाही तर, ही धास्ती रात्री उशिरा यायची. त्या दिवसांत मी याचा इतिहास वाचून काढला आणि मला धीर आला. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढायला गेले तर ते निघेना. हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली गॉटेनबर्गमध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले असे इम्प्लांट बसवले गेले. लार्सन जन्मतःच जबड्याच्या व्यंगामुळे त्रासलेले होते. २००६ साली ते वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते इम्प्लांट त्यांच्या उपयोगी पडत होते. माझ्या जबड्यातलं हाडही तेच काम गुपचूप करत असणार, असं मी स्वतःला सांगत राहिले.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला, हाड स्क्रूला नीट लागून होतं. हिरडीला छोटा छेद देऊन हीलिंग कॅप, म्हणजे स्क्रूवरचं तात्पुरतं झाकण, लावली. हिरडीला गोल आकार आल्यावर माप घेतलं, रंग जुळवला, आणि लॅबमधून दात आला. कॅप स्क्रूने बसवायची की सिमेंटने, हे डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. स्क्रूची असेल तर पुढे काही झालं तर न तोडता काढता येते, आणि हिरडीखाली सिमेंट अडकून राहायची भीती नसते. मी स्क्रूची घेतली. वरचं छोटं भोक दाताच्या रंगाच्या सिमेंटने बुजवलं.

मग निळा कागद चावायला लावून त्या पुन्हा पुन्हा कॅप घासत होत्या. मला वाटलं, झालं की आता. त्यांनी सांगितलं की आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, चावताना दात किंचित दबतो. इम्प्लांट थेट हाडात असल्यामुळे तो दबत नाही. म्हणून त्यावर दाब इतर दातांपेक्षा जरासा कमी यावा असा चावा जुळवावा लागतो, नाहीतर स्क्रू सैल होतो किंवा कॅपचा टवका उडतो. या कामाला त्यांनी जवळजवळ अर्धा तास दिला. चांगल्या आणि घाईच्या कामातला फरक मला त्या अर्ध्या तासात दिसला.

आता हिशोब. दाढ काढायचे १,५००, स्कॅन २,०००, इम्प्लांटचं पूर्ण काम ३२,०००, औषधं साधारण १,२००, रक्ताच्या तपासण्या हजारभर. म्हणजे ३८,००० च्या आत. पैसे तीन टप्प्यांत दिले: स्क्रूच्या दिवशी १५,०००, माप घेताना १०,०००, उरलेले कॅप बसल्यावर. माझ्या मेडिक्लेममध्ये यातलं काही मिळालं नाही. अपघातात दात गेला आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच ते दातांचा खर्च देतात. बहुतेक पॉलिसींत असंच असतं, त्यामुळे विम्याच्या भरवशावर आकडा धरू नये. पुढचा खर्च म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश आणि वर्षातून एकदा तपासणी. कीड इम्प्लांटला लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं, आणि मधुमेहात ती शक्यता जास्त. रात्री जेवल्यावर मी तो ब्रश न चुकता फिरवते.

माझं काम नीट झालेलं बघून आमच्या ह्यांनीही वरची एक दाढ बसवून घ्यायचं मनावर घेतलं. ती काढून पंधरा वर्षं होऊन गेली होती. स्कॅनमध्ये सायनसच्या पोकळीखाली फक्त चार मिलिमीटर हाड उरलेलं निघालं. सायनस उचलून तिथे हाडाची भर घालायची, पाच-सहा महिने थांबायचं, मग स्क्रू आणि मग कॅप. एकूण ६०,००० च्या पुढे. दोन्ही बाजूंच्या दातांना मात्र आधीपासूनच जुन्या कॅप होत्या आणि त्या कधीतरी बदलायच्याच होत्या. डॉक्टरबाईंनी स्वतःच ब्रिज सुचवला. चौदा हजारांत तो झाला, आणि त्यांना त्यावर छान चावता येतं.